शेरा

होंड्याच्या काजू कारखान्यात मी काट्यावर असतो.
नाव लिहितो, किलो लिहितो.
आख्ख्या गराचा दर वेगळा, पाकळीचा वेगळा,
तुकड्याचा विचारू नये.

सत्तरीच्या डोंगरातली बी जेमतेम जूनपर्यंत पुरते.
मग पुढचं सगळं वर्ष
अडतीस बायकांचा पगार निघतो
मुरगावहून ट्रकने आलेल्या पोत्यांतून.
पोत्यांवर छापलेलं : कोतोनू, बेनिन.

"म्हणजे खंय?" चंद्रावती माजिकने विचारलं होतं.
कॅलेंडरच्या पाठीवर मी पेन्सिलीने आफ्रिका काढली.
जरा फणसासारखी झाली.
फुगवट्याखाली तिने बोट टेकवलं. "हांगा?"
तिथेच.
टरफलाच्या तेलाने काळ्या पडलेल्या बोटाचा डाग
अजून आहे तिथे. बाकी पेन्सिल पुसट झाली.

एकोणीस वर्षं कटरवर.
डाव्या हाताने बी पात्यांत, पाय पेडलवर,
उजव्याने दांडा फिरवला की
टक्.
गर आख्खा.
आदल्या वर्षी खाण बंद पडली तेव्हा
नवऱ्याचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच,
त्याच्या टपावर आता ती आमसुलं वाळत घालते.
बँकेचे हप्ते मात्र टक् टक् करत फिटले.

एका पोत्याला ठिगळ होतं.
पिवळं कापड, त्यावर निळे पक्षी.
पोतं रिकामं झालं, तशी ती ते मांडीवर उलटं घेऊन बसली.
जेवणाची सुट्टी संपत आली तरी बसलेलीच.
"गाठ बघ, डाव्या टोकाला.
टाके तिथून इकडे चाललेत.
डावखुरी आहे ही बाय."
आणि थोड्या वेळाने,
"दोरा मात्र दुहेरी घेतलाय हां."

या वर्षी पोती आली नाहीत.
मालक म्हणाले, त्यांच्याकडे ठरलंय,
कच्ची बी बाहेर द्यायची नाही,
तिथेच फोडायची, तिथल्याच हातांनी.
"बरोबरच आहे म्हणा,"
असं म्हणून ते पंख्याकडे बघत राहिले.
मीही बघितलं. पंखा फिरत नव्हता.
आपण इतकी वर्षं डोंगर खणला,
तांबडी माती कच्चीच जहाजांत भरली,
आपल्याला कसं नाही सुचलं कोणाला,
हे मी मनात म्हटलं. पगार त्यांच्या हातात आहे.

बारा कटर विकायला काढले.
गिऱ्हाईक कोतोनूचंच.
चौदा बायका उरल्या, प्रतवारीच्या टेबलावर,
त्यात चंद्रावती, आठवड्याचे तीन दिवस.
शेवंती गावस मडगावच्या हॉटेलात भांड्यांना लागली.
ओडिशाची मिनती
कोणाला न सांगता कुंकळ्ळीला गेली, कोळंबी सोलायला,
तिथे बर्फ असतो म्हणाली होती,
हात जळत नाहीत, बधिर होतात.

खोक्यात जायच्या आदल्या दिवशी
चंद्रावतीने आपला कटर पुसला, तेल घातलं,
मग पान्हा मागून घेतला
आणि बराच वेळ वाकून काहीतरी करत राहिली.
मी यादी लिहीत होतो :
नग, वजन, स्थिती, किंमत, शेरा.
शेऱ्याचा रकाना बाराही ओळींत रिकामा.

ती काळ्या हातांनी येऊन उभी राहिली.
"सातव्यापुढे लिही,
दांडा डावीकडे बसवलाय."

"तो तिलाच मिळेल कशावरून?"

"कोणाला तरी मिळेलच ना.
डावखुऱ्या काय एकच असतात?"

लिहिलं.
तिने वाचून घेतलं माझ्याकडून, दोनदा.

"आणि लिही, काम धरण्याआधी
बोटांना खोबरेल, वर राख.
चुलीतली. चाळून."

म्हटलं, रकाना संपला.

"मग बारीक लिही."